मॉसच्या तोंडातलं पांढरं काहीतरी

संभाजी कोळपेला रस्त्यात कुणी हसून 'किया ओरा', म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हटलं, तर तो आधी मागे वळून बघायचा. हा नक्की मलाच म्हणाला का, आणि म्हणाला तर का म्हणाला? स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार! बरं, नोकरीही नेमकी तसलीच मिळालेली. वेलिंग्टनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढायचा त्याला पगार मिळायचा. तिथे तो सगळ्यांचा लाडका होता. घरी मात्र त्याच स्वभावाने बायकोचा जीव मेटाकुटीला यायचा, कारण हा गृहस्थ प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"बंद केलास ना पण?"

द्रौपदी, म्हणजे त्याची बायको, दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची नाही. ती नुसतं बघायची. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, त्या बघण्यात सगळं यायचं.

हा संशय त्याच्या रक्तातच होता म्हणायचा. कोळपे मूळचे फलटणकडचे, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारे. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी वावरात जाळी लावून त्यात ती कोंडायची आणि भोवती आपण पडायचं. संभाजीचा आजा सांगायचा, "लांडगा समोरून येत नाही रे. जिकडं आपलं ध्यान नसतं तिकडनं येतो. म्हणून ज्याच्यावर शंका नाही त्याच्याकडं आधी बघायचं." एरवी आजाच्या गोष्टी पोराने या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या, पण ही तेवढी पक्की धरून ठेवली.

बापाने त्याला शिकवलं. तो पुण्याला गेला, पुण्याहून इथे आला. मुलगी सिद्धी मोठी झाली, ऑकलंडला शिकायला गेली, माउंट रॉस्किलला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहू लागली. आणि मग या माणसाच्या डोक्यात काय यावं? पोरिरुआच्या मागच्या टेकड्यांत त्याने एक जुनं लाकडी घर घेतलं, तीन-चार एकर उताराच्या गवतासकट, आणि त्यात मेंढ्या आणून सोडल्या.

"मेंढरं सुटावीत म्हणून तुमच्या वडलांनी तुम्हाला शाळेत घातलं," द्रौपदी म्हणाली. "आणि तुम्ही समुद्र ओलांडून येऊन परत मेंढरंच घेतलीत? धन्य आहे बाई."

"अगं, इथे लांडगाच नाही," संभाजी म्हणाला. "अख्ख्या देशात एक लांडगा नाही. नुसतं बघत बसायचं." हे सांगताना तो इतका खूश होता की द्रौपदीला पुढे काही बोलवेना.

शेजार म्हणजे एकटा कॉलिन. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, सगळा जन्म दक्षिणेकडच्या मेंढ्यांच्या मोठमोठ्या रानांत गेलेला. आता त्याच्याकडे मेंढी एकही नव्हती. होता तो मॉस, काळा-पांढरा म्हातारा कुत्रा, कामातून निवृत्त झालेला. कॉलिन इंग्रजीत बोलायचा आणि तेही अर्धं गिळून, आपण मराठीतच ऐकू. पहिल्याच आठवड्यात तो कुंपणाशी आला आणि म्हणाला, "मेंढ्यांचं काही अडलं तर हाक मार. फक्त एक कर, माझ्या कुत्र्याला काही खायला घालू नका. कुत्र्याने एकाच हातचं खावं."

संभाजीने मान डोलावली आणि घरात येऊन म्हणाला, "असं का सांगितलं असेल?"

कॉलिनने पुढे खूप केलं. अडलेली मेंढी कशी सोडवायची ते दाखवलं, खूर कापून दिले, कुंपणाच्या तारा ओढून दिल्या. एक पै घेतली नाही. आणि नेमकं तेच संभाजीला खुपत राहिलं. फुकट कोण करतं एवढं? याचा डोळा आपल्या जमिनीवर तर नाही? द्रौपदी कपाळाला हात लावायची.

२०१५ च्या सप्टेंबरात, म्हणजे तिथल्या वसंतात, कोकरं झाली. आणि एका सकाळी संभाजी गवतात गेला तर खालच्या कोपऱ्यात एक कोकरू फाडलेलं पडलं होतं. आई जवळच उभी होती, पाय आपटत.  सहा-सात वर्षांचा असताना असंच एक कोकरू त्याने पाहिलं होतं, आणि त्या वेळी आजा शेजारी होता. इथे तो एकटाच होता. त्याला रडूच आलं, खोटं कशाला सांगा.

कॉलिन येऊन बघून गेला. "कुत्री," तो म्हणाला. "खालच्या नव्या वस्तीतली मोकाट सुटलेली असतील. जोडीने येतात. सावध राहा."

इथे संभाजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खालच्या वस्तीतली कुत्री कुणी पाहिलीयत? आणि कुत्रा तर एक इथेच आहे, कुंपणापलीकडे! ज्याच्यावर शंका नाही त्याच्याकडे आधी बघायचं.

त्याने तपास सुरू केला, अगदी ऑफिसातल्यासारखा. कॉलिनच्या बाजूच्या कुंपणात एके ठिकाणी खालची तार जरा वर उचललेली सापडली. खालची माती घासून गुळगुळीत झालेली. तारेला केस, काळे आणि पांढरे. ओल्या मातीत पंजे. तेही एकदाच आलेले नव्हेत, रोजचा राबता असल्यासारखे, मेंढ्यांच्या मधूनच वर संभाजीच्याच घराच्या मागच्या अंगाला जाणारे.

"द्रौपदी, तो मॉस इकडे येतो का गं?"

"कोण मॉस? नाही बाई."

"नाही ना पण?"

ती कणकेच्या डब्यात बघत राहिली. संभाजीने घरातच जाहीर करून टाकलं, "यापुढे एकही कुत्रं या कुंपणाच्या आत दिसता कामा नये. दिसलं तर माझ्याशी गाठ आहे." मेंढ्यांवर आलेला कुत्रा मेंढीवाल्याने जागीच मारला तर त्या देशात गुन्हा होत नाही, हेही त्याने वाचून काढलं होतं आणि जेवताना बायकोला ऐकवलं. द्रौपदीचा घास हातातच राहिला.

मग त्याला बायकोचाही संशय येऊ लागला. म्हणजे, तसला नव्हे हो! पण काहीतरी होतं. सकाळी तो अंघोळीला गेला की मागचं दार हळूच वाजायचं. तो बाहेर आला की ती तव्यापाशी, जशी काही तिथून हललीच नाही. ज्वारीचं पीठ लवकर संपायचं. विचारलं की "मला भूक लागते हल्ली," म्हणायची. संभाजीने ठरवून टाकलं की हिला म्हाताऱ्याची दया येते, ही आपली इकडची बित्तंबातमी त्याला पुरवते आणि तो कुत्र्याला सांभाळून घेतो.

सिद्धीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसत सुटली. "बाबा, यू'व्ह ऑलरेडी डिसायडेड. पुरावा नंतर शोधताय."

"पुरावा आणतो की. मग तर झालं?"

शिकारीच्या सामानाच्या दुकानातून त्याने कॅमेरा आणला. झाडाला बांधून ठेवायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. तो त्याने त्या उचललेल्या तारेसमोर बांधला, आणि बायकोला ताकास तूर लागू दिला नाही. त्याच आठवड्यात दुसरं कोकरू गेलं, वरच्या कोपऱ्यात. गेलं त्या सकाळी त्याने कॅमेरा उघडला.

मॉस होता. उजाडताना, तारेखालून बाहेर पडताना. आणि त्याच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. फोटो काळपट, धुरकट, पण पांढरं ते पांढरंच. चांगला तळहाताएवढा तुकडा, कडेला फाटलेला, खाली लोंबणारा.

"लोकर," संभाजी स्वतःशीच म्हणाला. "कातड्यासकट."

ऑफिसात त्याने तो फोटो मोठा करून छापून घेतला. शेजारच्या टेबलांवरच्या मित्रांना दाखवला, तेही म्हणाले, हो रे, लोकरच दिसते. संध्याकाळच्या गाडीने पोरिरुआला उतरून, स्टेशनवर ठेवलेली मोटार काढून तो घरी न जाता थेट कॉलिनच्या दारात गेला. बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं त्याला हलकं वाटत होतं. शंका खरी ठरली की या माणसाला बरं वाटायचं, त्याला तरी काय बोलणार?

कॉलिनने चष्मा लावून फोटो बघितला. खूप वेळ बघितला. मग चष्मा काढून पुसला, परत बघितला. मॉस त्याच्या पायाशी पडला होता, नाव काढलं तसं शेपूट जमिनीवर आपटत होता.

"आणखी एखादा फोटो आहे?" कॉलिनने विचारलं.

"आणखी कशाला पाहिजे?" संभाजी म्हणाला. "माझी दोन कोकरं गेलीत." उभ्या जन्मात दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय काही न मानलेला हा माणूस, आणि नेमकं त्या दिवशी त्याला एक फोटो पुरला.

कॉलिन उठला. "राइटो, ठीक आहे," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी संभाजी पाण्याची टाकी धूत होता. पलीकडून बंदुकीचा एक बार झाला. मेंढ्या एकदम एका बाजूला पळाल्या, मग थांबल्या, मग परत चरू लागल्या. त्याने हात पुसले आणि घरात गेला.

"सुटलो," तो म्हणाला. "कॉलिनने मॉसला घातली गोळी. तोच होता कोकरं मारणारा. पुरावा होता माझ्याकडे."

द्रौपदी ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला आणि खाली बसली. "पुरावा होता?"

"सोळा आणे."

"म्हणजे त्यानंच खाल्ली कोकरं?"

"सांगतोय काय मग!"

ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. संभाजीला वाटलं, बायकांचा जीव हळवा. पण दिवसभर ती जेवली नाही तेव्हा तो चिडलाच. "कोकरू मेलं तेव्हा नाही एवढं रडलीस!"

रविवारी सकाळी तो गवतात गेला तर एक मोठी मेंढी आडवी पडली होती. गळा फोडलेला, अजून ऊबदार. संभाजी तिथेच उभा राहिला.  मॉस तर काल मेला होता.

कॅमेरा त्याने एव्हाना वरच्या कोपऱ्यात हलवला होता, असाच, सवयीने. तो काढून तो स्वयंपाकघरात आला, टेबलावर बसून फोटो बघू लागला. दोन कुत्री होती. दांडगी, आखूड केसांची, गळ्यात पट्टे असलेली. जोडीने खालच्या वस्तीकडून येताना, आणि मग जोडीने परत जाताना. पुढच्याचं तोंड छातीपर्यंत माखलेलं. फोटोत संशयाला जागाच नव्हती.

"अहो, काय झालं?" द्रौपदीने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही दोघं. म्हातारा म्हणाला होता तीच." त्याने खिशातून तो छापलेला फोटो काढला आणि टेबलावर पसरला. त्याचा आवाज चढला, जणू कुणी भांडतंय त्याच्याशी. "मग हे काय आहे? त्याच्या तोंडात हे काय आहे? ही लोकर नाही तर काय आहे, तूच सांग!"

द्रौपदीने फोटो पहिल्यांदाच पाहिला. वाकून, अगदी जवळून पाहिला. मग ती म्हणाली, "भाकरी आहे ती माझी."

संभाजीला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"अर्धी भाकरी आहे. मोडून देते मी. अर्धी तिथेच खायचा, अर्धी तोंडात धरून न्यायचा, कुठंतरी पुरून ठेवायचा." तिने फोटोवरून बोट फिरवलं. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, आपलं घर खंडोबाचं, तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याची. ती चुकवायची नाही. मी पुण्यात चुकवली नाही. या देशात आल्यापासून कुत्रंच नव्हतं दाराशी, तर रोज पहिली भाकरी करताना माझा हात अडखळायचा. मग हा यायला लागला. तो म्हातारा नको म्हणाला होता, तुम्ही तर गोळी घालायच्या गोष्टी करत होता. कुणाला सांगू? म्हणून चोरून घालत होते."

"अगं, मग काल का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात पुरावा आहे! मला वाटलं खरंच त्यानं मारली कोकरं. मीच त्याला या वाटेची सवय लावली, मेंढरांतून रोज ये-जा करायला शिकवला, म्हणून त्याला चटक लागली. कालपासून मी मलाच शिव्या घालतेय."

संभाजी फोटोकडे बघत राहिला. आता दुसरं काही दिसेचना. गोल कड, मधोमध मोडलेली, एका बाजूला तव्याचा काळा डाग. जन्मभर रोज खाल्लेली वस्तू. ऑफिसातल्या त्या गोऱ्या पोरांनी ओळखली नाही, त्यांनी कशी ओळखावी? कॉलिनने तरी कशी ओळखावी? ओळखायची होती ती एकट्या यानेच. आणि आपल्या घरातून कुत्र्याला भाकरी जाते हे याच्या आईच्या घरात ठरलेलं, याच्या डोळ्यांदेखत रोज होत आलेलं.

तव्यावर भाकरी होती. त्याने ती उतरवली, फडक्यात गुंडाळली, टेबलावरचा फोटो उचलला आणि बाहेर पडला. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही.

कॉलिन मागच्या पायरीवर बसला होता. समोर सायप्रसच्या मोठ्या झाडाखाली ताजी माती ओढलेली दिसत होती. भोवती दगड रचून कडं केलं होतं. संभाजीने येताना मनात सगळं जुळवलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर त्याने फडकं पाठीमागे धरलं. गप्प राहता येईल, असंही त्याच्या मनात आलं. म्हातारा कुत्रा होता, आज ना उद्या गेलाच असता. कुणाला कळणार आहे?

कॉलिनच बोलला. "तुझ्या नुसत्या फोटोने माझी खात्री पटली नसती. चौदा वर्षं होता तो माझ्याजवळ. पण गेले काही महिने सकाळी मी पुढ्यात ठेवलेलं तो हुंगायचा आणि बाजूला व्हायचा. पोट भरलेलं असायचं. मला कळत होतं, हा कुठेतरी खाऊन येतोय. कुठे ते कळत नव्हतं. फोटो पाहिला आणि म्हटलं, हं, तर हे असं आहे." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "मेंढीची चव लागलेला कुत्रा ज्याचा त्यानेच संपवायचा. दुसऱ्याच्या हातून नाही."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. संभाजी पायरीवर त्याच्या शेजारी बसला, फोटो पायरीवर पसरला, फडकं सोडलं, भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी भाकरी त्या फोटोवर, त्या पांढऱ्या डागाशेजारी ठेवली.

"मेंढी नव्हती," तो म्हणाला. "ही होती. माझी बायको रोज सकाळी त्याला घालायची. आमच्या देवाचा मान असतो तो, पहिल्या भाकरीचा. मला माहीत नव्हतं. मला माहीत असायला पाहिजे होतं. माझी मेंढी आज पहाटे दुसऱ्या कुत्र्यांनी मारली, खालच्या वस्तीतल्या. तू म्हणाला होतास तेच. तुझ्या मॉसने कधीच काही केलं नव्हतं, कॉलिन. मी मारला त्याला."

कॉलिनने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उठून दोन ठेवून दिल्या असत्या तरी संभाजीने खाल्ल्या असत्या.  म्हाताऱ्याने तो भाकरीचा तुकडा उचलला, फोटोतल्या डागाशी धरून पाहिला, उलटा करून पाहिला.  मग त्याने एवढंच विचारलं.

"गरम असायची का ती? दात दुखायचे त्याचे हल्ली."

 त्या वेळी संभाजी अंघोळीला असायचा. "विचारून येतो," तो म्हणाला, आणि उठून तसाच अनवाणी निघाला, त्या उचललेल्या तारेपाशी वाकून, गुळगुळीत झालेल्या मातीवरून सरपटत आपल्या गवतात शिरला.

द्रौपदी मागच्या दारातच उभी होती.

"गरम असायची का?"

"गरम," ती म्हणाली. "वर तूप घालून. थोडी निववून द्यायचे, त्याचं तोंड पोळू नये म्हणून."

संभाजीने मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. आला तसाच मागे वळला आणि कॉलिनला सांगायला गेला.